रानकोंबडे आणि गावरान कोंबड्यांचा संकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जंगलाला लागून असलेल्या गावांत कोंबडीपालनाविषयी बोलणे निघाले की पुढील प्रश्न हमखास येतात. काही प्रश्न शेतकऱ्यांचे आहेत, काही पक्षीनिरीक्षणासाठी बाहेरून येणाऱ्या मंडळींचे, तर एक-दोन शाळकरी मुलांचे आहेत. उत्तरे देताना आम्ही मुख्यतः रानकोंबड्याचाच विचार केला आहे, कारण आपल्या भागात पाळीव पक्ष्याचे रक्त रानात मिसळण्याची वाट सर्वांत रुंद आहे ती इथेच. पारवे, बदके आणि लाव यांचा उल्लेख ओघाने येईल.

रानकोंबडा आणि घरची कोंबडी हे एकच पक्षी आहेत का?

पाळीव कोंबडी आणि लाल रानकोंबडा यांची गणना एकाच प्रजातीत होते, आणि म्हणूनच त्यांची पिल्ले पूर्णपणे प्रजननक्षम असतात. खेचरासारखी वांझ संतती होऊन प्रश्न तिथेच मिटत नाही. मात्र ‘एकच प्रजाती’ याचा अर्थ ‘एकच पक्षी’ असा होत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठशेहून अधिक पक्ष्यांच्या जनुकसंचांवर आधारलेल्या अभ्यासातून असे दिसले की पाळीव कोंबडीचा वंश मुख्यतः नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातील लाल रानकोंबड्याच्या एका उपप्रजातीतून निघाला. भारतातील उपप्रजातीचे रक्त त्यात नंतर, ठिकठिकाणी मिसळत गेले. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातील हाडे ही निःसंशयपणे पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे मानली जातात. तेव्हा आपल्या रानातला लाल कोंबडा हा आपल्या खुराड्यातल्या कोंबडीचा बाप नसून चुलता आहे, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल, आणि दोघांची घरे वेगळी होऊन तीन हजारांहून अधिक वर्षे झाली आहेत.

विदर्भात कोणते रानकोंबडे आढळतात?

दोन प्रजाती आढळतात. मेळघाटासारख्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात राखी रानकोंबडा दिसतो, तर पूर्वेकडे गडचिरोली-गोंदियाच्या बाजूला लाल रानकोंबडा आहे. दोघांच्या क्षेत्रांची शीव मध्य भारतातून जाते आणि ती काही धुऱ्यासारखी आखीव नाही. जिथे दोन्ही प्रजाती शेजारी नांदतात, तिथे त्यांचा आपसांतही क्वचित नैसर्गिक संकर होतो. त्यामुळे संशयास्पद दिसणारा प्रत्येक पक्षी गावातूनच गेला असेल, असे धरून चालू नये.

एकच प्रजाती असेल, तर मिसळले म्हणून बिघडते काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे.

माणसाने शेकडो पिढ्या कोंबडीची निवड केली ती स्वतःच्या सोयीने. माणसाला न घाबरणारी, अंगाने भरणारी, वर्षभर अंडी देणारी, फार न उडणारी कोंबडी ठेवली गेली, आणि बुजरी व भटकी होती ती कापली गेली. रानात नेमकी उलटी निवड चालते. तिथे पानाचा आवाज झाला की क्षणात उसळून बांबूच्या रांजीत (बेटात) शिरणारी कोंबडी जगते, तर माणसाकडे दाण्याच्या आशेने पाहणारी मुंगसाच्या, रानमांजराच्या किंवा शिक्रा-मोरघारीच्या तोंडी जाते. स्वीडनमधील संशोधकांनी लाल रानकोंबड्यांमधून केवळ माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवले, तेव्हा थोड्याच पिढ्यांत त्या पक्ष्यांचे वजनही वाढू लागले. एक गुण ओढला की दुसरे मागून येतात, ते असे.

हंगामाची गोष्ट तर आणखी महत्त्वाची आहे. रानकोंबडी वर्षातून एका ठरावीक काळात, मुख्यतः उन्हाळ्याच्या सुमारास, साधारण चार ते सहा अंडी घालते. ही पिल्ले मोठी होत असताना पाऊस पडून किडामुंगी भरपूर झालेली असते. घरची कोंबडी या वेळापत्रकातून सुटलेली आहे. शरीराला दिवसाच्या लांबीचे आणि ऋतूचे भान देणाऱ्या यंत्रणेशी संबंधित एका जनुकाचे बदललेले रूप जवळजवळ सर्व पाळीव कोंबड्यांमध्ये आढळते, हे २०१० मध्ये दाखवून दिले गेले. असे जनुक रानातल्या वंशात शिरले, तर कोंबडी पौषाच्या थंडीत किंवा ऐन श्रावणाच्या झडीत अंड्यांवर बसेल. अंडी जास्त होतील, पण पिल्ले जगतील किती, हा प्रश्न उरतोच.

यात एक फसवणूक आहे. शिकारीने किंवा जंगलतोडीने पक्षी कमी झाले, तर ते डोळ्यांना दिसते. संकराने संख्या कमी होत नाही, कदाचित थोडी वाढतेही. पहाटे आरव तसाच ऐकू येतो. फक्त आरवणारा पक्षी हळूहळू दुसराच झालेला असतो.

हे खरोखर घडले आहे, याला पुरावा काय?

पहिला पुरावा पिसांचा आहे. अस्सल लाल रानकोंबडा विणीचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्याच्या सुमारास, मानेवरची लांब सोनेरी-तांबडी पिसे गाळतो आणि काही काळ तिथे आखूड, काळपट पिसे मिरवतो. शेपटीतली लांब पिसेही जातात आणि तुरा आक्रसतो. पाळीव कोंबड्यात हा मधला साधा पोशाख नाहीसा झाला आहे. अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभरच्या संग्रहालयांतील ७४५ नमुने तपासले, तेव्हा आग्नेय आशियाच्या टोकाकडील भागातून हा पिसारा १८६० च्या सुमारासच दिसेनासा झाल्याचे आणि नंतर ती रेषा उत्तरेकडे व पश्चिमेकडे सरकत गेल्याचे त्यांना आढळले. रानकोंबड्याच्या क्षेत्राच्या मध्य व पश्चिम भागात, म्हणजे आपल्या बाजूला, तो टिकून होता. विदर्भातल्या रानकोंबड्याचे मोल त्यामुळे वाढते.

दुसरा पुरावा जनुकांचा आहे. २०२३ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी ६३ रानकोंबडे आणि ५१ पाळीव कोंबड्या यांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली. रानकोंबड्यांच्या नमुन्यांत शंभर वर्षे व त्याहून जुने संग्रहालयातले नमुनेही होते, आणि खरी मेख तिथेच होती, कारण आजचा पक्षी किती बदलला हे मोजायला कालचा पक्षी हाताशी असावा लागतो. आजच्या रानकोंबड्यांच्या जनुकसंचाचा सुमारे २० ते ५० टक्के भाग पाळीव कोंबड्यांकडून आलेला असल्याचे त्यातून दिसले, आणि ही मिसळण गेल्या शतकभरात वाढत गेली आहे. पाळीवपणाशी निगडित अशी आठ जनुकेही त्यांनी वेगळी काढली; ती वाढ, प्रजनन आणि दृष्टी यांच्याशी संबंधित आहेत.

कमजोर संकरित पिल्ले रानात मरतातच. मग निसर्ग आपोआप सफाई करणार नाही का?

काही प्रमाणात करतो. ठसठशीत पांढरी पिल्ले पहिल्या आठवड्यातच उचलली जातात, यात शंका नाही. परंतु निवडीची चाळणी जेवढे बाहेर टाकते त्याहून जास्त आत येत राहिले, तर चाळणीचा उपयोग उरत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी होते आणि त्यांपैकी ३१.७ कोटी परसातले होते; मोठ्या शेडमधल्या कोंबडीचा रानाशी संबंध येत नाही, परसातल्या कोंबडीचा येतो. एकीकडे कोटींनी मोजला जाणारा पक्षी आणि दुसरीकडे जंगलाच्या तुकड्या-तुकड्यांत विभागलेला, मोजायलाही अवघड असा पक्षी, असा हा सामना आहे. शिवाय वाईट परिणाम करणारी सगळीच जनुके पहिल्या पिढीत उघडी पडत नाहीत. काही दबून राहतात आणि चार-पाच पिढ्यांनी एकत्र येतात.

मिसळण नेमकी कशी आणि कुठे होते?

गावाच्या कडेला, आणि बहुधा दाण्यापाशी होते. धान कापून खळ्यावर आला की सांडलेल्या दाण्यांवर सकाळी घरच्या कोंबड्या असतात, आणि त्या निघून गेल्यावर, उन्हे कलता कलता, रानातल्या येतात. मोहफुलांच्या दिवसांतही हेच दृश्य असते. एका चैत्रात आम्ही वावराच्या टोकाशी मोहाच्या झाडाआड बसलो असताना तीन रानकोंबड्या झुडपातून बाहेर आल्या. तिन्ही मातकट, बारीक आणि क्षणाक्षणाला थबकणाऱ्या होत्या. त्यांच्या मागून जो कोंबडा आला त्याचा रंग अगदी रानकोंबड्याचा होता, पण पाय हळदीसारखे पिवळे आणि जाड होते, शेपटी उभी होती, आणि आमच्यापैकी एक जण खोकला तेव्हा कोंबड्या नाहीशा झाल्या आणि हा मान वाकडी करून आमच्याकडे पाहत राहिला. तो कोणाच्या घरचा हे गावात कोणालाच सांगता आले नाही.

इथे दिशेचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. रानातला कोंबडा गावकडेच्या कोंबडीशी जुगला, तर पिल्ले खुराड्यात वाढतात. रानाचे रक्त गावात येते आणि रानाचे थेट नुकसान होत नाही. गावातला कोंबडा रानातल्या कोंबडीपाशी गेला, तर पिल्ले रानातच वाढतात. तिसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही, पण आमच्या मते तीच सर्वांत धोक्याची आहे. अंडी चोरणारी कोंबडी, म्हणजे घरात अंडे न देता दूर झुडपात लपून घालणारी आणि तिथेच खुडूक बसणारी, एखाद्या रानकोंबड्याची पिल्ले तिथेच उबवते. ती स्वतः कोल्ह्याने नेली तरी, थोडी मोठी झालेली पिल्ले घराकडे परतण्याचे कारण उरत नाही.

संकरित पक्षी कसा ओळखावा?

एका खुणेवरून ठरवू नये. तीन-चार खुणा जुळल्या तर संशय घ्यावा. अस्सल लाल रानकोंबड्याचे पाय सडपातळ आणि पाटीच्या दगडासारखे करडे असतात, शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या पिसांचा ठळक झुबका असतो, आणि चालताना शेपटी आडवी, जमिनीला समांतर राहते. आरवणे घरच्या कोंबड्यासारखेच सुरू होते, पण शेवट लांबत नाही, तुटल्यासारखा एकदम थांबतो. मादी पाहणे अधिक उपयोगी पडते, कारण रानकोंबडीच्या डोक्यावर तुरा जवळजवळ नसतोच आणि गळ्याखाली लोळ्याही नसतात. लालभडक तुरा असलेली ‘रानकोंबडी’ दिसली, तर तिच्या वंशात गाव आहे असे समजायला हरकत नाही. नराच्या बाबतीत पावसाळ्यात पाहावे. भाद्रपदातही मानेवर सोनेरी पिसे झळकत असतील, तर शंका घ्यावी. तरीही दिसण्यातून सगळे कळत नाही. तीन-चार पिढ्या रानाकडे वळलेला संकर डोळ्यांना अस्सल वाटतो.

राखी रानकोंबड्यालाही हा धोका आहे का?

आहे, पण कमी आहे. तो वेगळ्या प्रजातीचा असल्यामुळे घरच्या कोंबडीशी त्याचा संबंध सहज जुळत नाही आणि संततीची प्रजननक्षमता घटते. तरी अडथळा म्हणजे भिंत नव्हे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते लाल रानकोंबड्याकडून नव्हे तर राखी रानकोंबड्याकडून आले असल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले. राखी रानकोंबडा हा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी असल्याने ही देवघेव आपल्याच भूमीवर कधीतरी झाली असणार. एका दिशेने फट होती, तर दुसऱ्या दिशेनेही ती असू शकते.

गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती पाळल्या तर धोका वाढतो की कमी होतो?

बहुतेकांना वाटते की परकी, जड, रंगीत कोंबडी रानाला जास्त घातक असेल. आमचे मत उलट आहे. ब्रॉयलर तर रानात एक रात्रही काढणार नाही, आणि जड अंगाची सुधारित कोंबडी झाडावर चढून बसण्यात कमी पडते. जी कोंबडी रानात सहज जगू शकते तीच आपले रक्त तिथे पेरू शकते. ती म्हणजे आपली काटक गावरान कोंबडी आणि त्याहून अधिक असील जातीचा झुंजीचा कोंबडा. कोंबडबाजार बेकायदेशीर असूनही काही भागांत लपूनछपून भरतात, तेही बऱ्याचदा जंगलाच्या आडोशाला. तिथून निसटलेला असील नर रानातल्या नरांना झुंजीत सहज भारी पडतो, आणि मग माद्या कोणाच्या वाट्याला जातात हे वेगळे सांगायला नको. प्राण्यांवरील क्रूरता हे कोंबडबाजाराला विरोध करण्याचे पहिले कारण आहेच. हे दुसरे कारण सहसा कोणी मांडत नाही.

नवसाचा किंवा दयेपोटी वाचवलेला कोंबडा जंगलात सोडून द्यावा का?

नाही. त्याला एखाद्या घरी द्यावा.

वनखात्याने किंवा संस्थांनी वाढवलेले रानकोंबडे सोडून संख्या वाढवता येणार नाही का?

येईल, परंतु सोडले जाणारे पक्षी अस्सल असल्याची खात्री आधी हवी. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले ‘रानकोंबडे’ पुष्कळदा नावापुरतेच रानकोंबडे असतात. १९६० च्या सुमारास उत्तर भारतातून पकडलेल्या लाल रानकोंबड्यांचा एक वंश अमेरिकेत नेला गेला. शिकारीसाठी तिथल्या जंगलांत रानकोंबडे वसवण्याचा बेत फसला, पण मागे राहिलेला वंश काही संशोधकांनी काळजीपूर्वक वेगळा जपला, आणि पुढे अस्सलपणाची तुलना करण्यासाठी तोच मोलाचा ठरला. उलट प्रकारही आहेत. ब्रिटनमध्ये शिकारीसाठी चकोर आणि लाल पायांचा तितर यांचे संकर मोठ्या प्रमाणावर सोडले जात. त्यांची वीण नीट होत नाही असे दिसल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सोडणे बंद करावे लागले.

विहिरीतल्या पारव्यांचे काय?

पारव्याची कथा रानकोंबड्याचीच आहे, फक्त शेवटाच्या जास्त जवळ आलेली. जगभरातल्या शहरांतले पारवे हे पाळीव कबुतरांचे सुटलेले वंशज आहेत, आणि ते मूळ रानपारव्यांत इतके मिसळले आहेत की अस्सल वंश शोधावा लागतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरचे पारवे जवळजवळ शुद्ध राहिल्याचे, तर उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर संकर बराच पुढे गेल्याचे दिसले. आपल्याकडे जुन्या, बांधीव विहिरींच्या कपारींत आणि नरनाळा-गाविलगडासारख्या किल्ल्यांच्या भिंतींत पारवे पूर्वापार राहतात. त्यांच्या थव्यात पांढरे, विटकरी किंवा ठिपकेदार पक्षी वाढू लागले, तर जवळपास कोणीतरी शौकाची कबुतरे उडवतो आहे असे समजावे.

मामा (माजी मालगुजारी) तलावात पाळीव बदके सोडली तर चालतील का?

राखण ठेवून, संध्याकाळी परत आणणार असाल तर चालतील. खाकी कॅम्पबेलसह बहुतेक पाळीव बदके हिरव्या डोक्याच्या रानबदकाची वंशज आहेत, आणि आपल्या तलावांवर वीण करणारे हळदी-कुंकू बदक हे त्याच कुळातले जवळचे नातलग आहे. त्यामुळे संकर शक्य आहे. हवाई बेटांवरील मूळ बदकाची अवस्था पाहावी. कवाई बेटावर ते शुद्ध राहिले आहे, तर ओआहू बेटावर आयात रानबदकांशी झालेल्या संकराने मूळ बदक जवळजवळ पुसले गेले आहे. मस्कोवी बदक मात्र दूरच्या नात्यातले असून त्याची अशी संतती बहुधा वांझ निघते.

आणि लावेचे? आमच्याकडे आता लावापालन सुरू झाले आहे.

पाळली जाते ती जपानी लाव. ती भारतात १९७४ मध्ये आणली गेली. हिवाळ्यात आपल्या शेतांत उतरणारी रानलाव तिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची आहे. दक्षिण युरोपात शिकारीसाठी फार्ममधल्या लावा सोडल्या गेल्या आणि संकरित पक्षी तयार झाले. तिथली चिंता अशी की रानलाव स्थलांतर करते आणि जपानी लावेच्या पाळीव वंशात ती ओढ क्षीण झाली आहे. जाळी फाटली तर ती त्याच दिवशी शिवावी, एवढेच सांगणे आहे.

मग जंगलाकाठच्या गावांनी कोंबड्या पाळूच नयेत का?

असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात येऊन पाहावे. हातात पैसा नसताना एक कोंबडा विकून सण साजरा होतो, औषध येते, मुलाची वही येते. ही बाईमाणसाच्या हातातली तिजोरी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. करायच्या गोष्टी लहान आहेत. दिवस मावळण्याआधी कोंबड्या खुराड्यात कोंडाव्यात, आणि सकाळी उन्हे वर आल्यावरच सोडाव्यात, कारण रानातले पक्षी गावाकडेला येतात ते नेमके या दोन वेळांना. खुराड्यात अंड्यासाठी पेंढा घातलेली टोपली ठेवली तर कोंबडी अंडी चोरण्याचे प्रमाण कमी होते, आणि घराचा फायदाही होतो. जादा नर चार-पाच महिन्यांचे होताच विकावेत. दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर टोचून घ्यावी, कारण रक्ताबरोबर रोगही याच वाटेने रानात जातो. अभयारण्यात व त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे, ती मागून घ्यावी.

रानातली अंडी आणून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली तर?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय अशी पिल्ले मोठी झाली की रानाची ओढ आणि गावाची सवय घेऊन दोन्हीकडे ये-जा करतात, म्हणजे आपण स्वतःच पूल बांधून देतो. गडचिरोलीतील कोलामार्का परिसरातल्या रानम्हशींबाबतही पाळीव म्हशींशी संकराची हीच काळजी अनेक वर्षे व्यक्त होत आली आहे.

संकरित वाटणारा पक्षी दिसला तर मारून टाकावा का?

मुळीच नाही. ओळख चुकण्याचा संभव मोठा आहे आणि मारलेला पक्षी अस्सल निघाला तर नुकसान दुहेरी होते. शक्य असेल तर बाजूने, पाय आणि शेपटी दिसतील असे छायाचित्र घ्यावे. तारीख, वेळ, शिवाराचे नाव, जवळच्या वस्तीचे अंतर आणि सोबत किती माद्या होत्या हे लिहून बीटाच्या वनरक्षकाला कळवावे. आषाढ ते भाद्रपद या काळातल्या नोंदी विशेष कामाच्या असतात. एखादे गळलेले पीस सापडले तर उचलू नये. बोट ठेवून मापाचा अंदाज येईल असे छायाचित्र घेऊन ते तिथेच राहू द्यावे.